बाकावरचं नाव

शैलाबाईंनी बाकाचा नकाशा बारकाईने तपासला होता. बसायच्या पट्ट्यांची उंची, पाठीचा कल, पाणी साचू नये म्हणून पुढे किंचित उतार. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यावर चुकीचं माप डोळ्यांत खुपतंच. उद्यान मंडळाचा चिटणीस मुकुल हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला त्यांनी उतार वाढवायला लावला. बाकाच्या मधोमध असलेला लोखंडी दांडा मात्र त्यांना खुपला नाही. हात टेकायला असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मंडळाची माणसं दर रविवारी लोणावळ्यातल्या त्या छोट्या बागेत झाडलोट करायची, झाडांना आळी करायची. मग स्टेशनाबाहेर उघड्यावर राहणाऱ्यांना नाश्ता द्यायचा, थंडीत ब्लँकेटं द्यायची, कुणी आजारी असेल तर दवाखान्यात न्यायचं. यंदा बागेतले फुटके सिमेंटचे बाक काढून लोखंडी बसवायचे ठरले. एकेका घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एकेक बाक दिला. जांभळाखालचा बाक शैलाबाईंचा. पाठीच्या मधोमध स्टीलची पाटी: ‘कै. गंगाधर पानसे यांच्या स्मरणार्थ’. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांचे पती गंगाधरराव रोज संध्याकाळी तिथेच बसत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी फिरायला आल्या की शैलाबाई पदराच्या टोकाने पाटीवरचं दव पुसायच्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी दव पुसताना त्यांना खोकला ऐकू आला. बाकाच्या मागे, ओल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून नंदाबाई झोपली होती. नंदाबाई टाकवे गावाकडची. घर राहिलं नव्हतं, आणि स्टेशनजवळच्या वडापावच्या गाडीवर ती भांडी घासायची. जांभळाखालच्या जुन्या बाकावर ती झोपते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फिरायला येणारे यायच्या आत ती उठायची आणि बाकाखालची पानंसुद्धा झाडून ठेवायची.

“नंदाबाई, जमिनीवर का झोपलात?”

“बाक नवा हाय न्हवं, बाई,” ती म्हणाली आणि पुन्हा खोकत राहिली.

शैलाबाईंनी बाकाकडे पाहिलं. दांड्याच्या अलीकडे एक माणूस बसेल, पलीकडे एक. आडवं कुणीच होऊ शकणार नाही. नकाशा हातात असताना हे कसं दिसलं नाही, हे त्यांना कळेना.

त्या तशाच मुकुलच्या घरी गेल्या.

“मुकुल, तो मधला दांडा कशासाठी?”

“लोकांनी आडवं होऊ नये म्हणून. बाई, नकाशा तर तुम्हीच पास केलात! वर माझे उताराचे मार्क कापलेत.”

“रविवारी आपण त्याच लोकांना ब्लँकेटं देतो.”

“देतो, देणारच. पण बागेत लहान मुलं येतात, लोक तक्रारी करतात. निवारा केंद्रात सोय होते, मी स्वतः नंदाबाईंना दोनदा विचारलं.”

“ते इथून किती लांब आहे! भांड्यांचं काम सुटेल त्यांचं.”

“मग मी काय करू, सांगा.”

“तू काही करू नकोस. माझ्या बाकाचा दांडा मी काढून घेतेय.”

“उद्या सगळेच कापायला लागतील.”

“कापू देत.”

मुकुल हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. “मला अजून नववीतच समजता तुम्ही,” तो पुटपुटला आणि वेल्डर अमृतचा नंबर त्याने स्वतःच लावून दिला.

अमृतने दुपारी कटरने दांडा कापला. कापल्या जागी बोट फिरवून शैलाबाईंनी त्याला आणखी कानस मारायला लावली. अंगाला टोचायला नको.

दुसऱ्या सकाळी नंदाबाई पुन्हा जमिनीवरच होती. खोकला छातीत उतरला होता. शैलाबाईंनी थर्मासमधला गवती चहा पेल्यात ओतून तिच्या हातात दिला.

“आता तर दांडा नाही.”

“व्हय, बगितलं. लय उपकार झालं, बाई.”

“मग?”

नंदाबाईने पेला दोन्ही हातांत धरला आणि पाटीकडे पाहिलं. “तितं सायबांचं नाव हाय. झोपंत पाय लागंल. गेलेल्या मानसाच्या नावाला पाय लावून ते पाप कुटं फेडू?”

“नुसती अक्षरं आहेत हो ती,” असं शैलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण पदराचं टोक अजून ओलंच होतं. रोज सकाळी त्या नुसती अक्षरं पुसत होत्या का?

“दुसऱ्या कुठल्या...”

“समद्यांवर नावं हायती. जुना बाक बिननावाचा व्हता.”

घरी येऊन त्यांनी थर्मास विसळून ठेवला. गंगाधररावांना काय आवडलं असतं, हे त्यांना खरंच सांगता येईना. ते नीटनेटके गृहस्थ. पासबुकात नावाचं स्पेलिंग चुकलं तर स्वतः पोस्टात जाऊन दुरुस्त करून यायचे. ‘खुशाल काढ’ असं ते म्हणाले असते, असं मानणं सोपं होतं. शैलाबाईंनी तसं मानलं नाही. हे आपणच करतो आहोत, त्यांना न विचारता, एवढं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग खणातून पेचकस काढला.

संध्याकाळी बागेत गर्दी पांगली होती. नंदाबाई वडापावच्या गाडीवरून परतत होती. शैलाबाई पाटीपाशी वाकल्या होत्या. पहिले स्क्रू सहज निघाले, शेवटचा अडला. बोटं वळत नव्हती. पेचकस घसरून पाटीवर, नावाच्या खाली, एक ओरखडा उमटला. त्यांनी पुन्हा जोर लावला. पाटी हातात आली. वाटली होती त्यापेक्षा हलकी.

नंदाबाई जवळ येऊन उभी राहिली. “अवो बाई, ह्ये काय केलंत?”

“आता नाव नाही,” शैलाबाई म्हणाल्या. पाटी त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

“आन सायेब? त्ये कुटं ऱ्हातील?”

“घरी.”

नंदाबाईने पिशवीकडे पाहून हात जोडले. “घर हाय न्हवं त्यास्नी. मग बरं.”

तिने आपलं गाठोडं बाकाच्या एका टोकाला उशाशी ठेवलं, पण ती टेकली नाही. आपण इथे उभ्या आहोत तोवर ती आडवी होणार नाही, हे शैलाबाईंना कळलं. त्या फाटकाकडे निघाल्या. मागे वळून पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फाटकाची कडी लावताना मागून प्लास्टिक उलगडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी कडी अगदी हळू सोडली.