एका पिशवीत एकच

युलालियानं पिशवीची गाठ सोडली आणि हात झटकन मागं घेतला. कापड ओलं होतं. कांगारू-उंदीर घातलेली कापडी पिशवी कधी ओली होत नाही. जन्मभर पाण्याला तोंड न लावणारा, कोरड्या दाण्यातूनच आपलं पाणी काढणारा वाळवंटातला जीव. मुतला तरी थेंबभर. हे रक्त होतं.

तिनं पिशवी ताडपत्रीवर उलटी केली. आधी पडली ती मेलेली मादी. गळा फाटलेला, एक डोळा गेलेला, पोट मागच्या नखांनी उसवलेलं. गालांच्या खिशांतलं गवताचं बी रक्तात सांडलं. मागोमाग दुसरी पडली, जिवंत, पण एक कान फाटून लोंबत असलेली. तिनं मेलेलीलाच आणखी एक लाथ हाणली आणि टणाटण उड्या मारत झुडपात नाहीशी झाली.

"एका पिशवीत दोन कुणी घातल्या?" तिनं मुलांना विचारलं.

ऊन अजून माळावर उतरलं नव्हतं. सॅन सिमोनच्या या खोऱ्यात अकरा वर्षं ती विद्यापीठासाठी सापळे लावत होती. संध्याकाळी लावायचे, पहाटे उघडायचे, वजन करायचं, कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहायचा आणि ज्याला त्याला आपापल्या बिळाच्या ढिगाऱ्यावर सोडायचं. एका ढिगाऱ्यात एकच राहतो. दाण्यांची कोठारं भरतो आणि दुसरा आला की जिवावर उठतो. हे तिला पाठ होतं. दोन्ही मुलांनाही तिनंच शिकवलं होतं.

"मी घातल्या," निकासियो म्हणाला. हा धाकटा. "पिशव्या ट्रकमध्ये राहिल्या. अर्धा मैल कोण तंगडतोड करणार? आणि बहिणी-बहिणीच तर होत्या. तुझ्याच वहीत लिहिलंय, एका आईच्या म्हणून."

"वाचता येतं का रे तुला?" फर्मीननं थोरलेपणानं विचारलं. "मला वाटलं, अजून आईच्या कडेवरच आहेस."

"बापाच्या खुर्चीत बसून ढेकरा देण्यापेक्षा बरं."

"खुर्ची माझी. घर माझं."

"अर्धं."

फर्मीनची लाथ त्याच्या पोटात बसली. निकासियो दुमडला आणि तसाच वर उसळून त्यानं भावाचं नाक फोडलं. दोघं ताडपत्रीवर कोसळले, मेलेल्या मादीवरच. ईस्टरला फर्मीननं त्याची बरगडी मोडली होती. त्यानंतर महिन्याभरात निकासियोनं उकळतं बीन्सचं भांडं त्याच्या पायावर ओतलं होतं. दर वेळी युलालियानं दोघांना एकाच टेबलाशी बसवून जेवू घातलं होतं. नवऱ्याला पुरून आल्यावर तिनं सांगितलं होतं, मी जिवंत असेतो या घराला दोन चुली होणार नाहीत. बुस्तामांतेंच्या घरात भाऊ वेगळे झाले, असं गावानं म्हणू नये. गाव तीस मैलांवर होतं.

"सोड त्याला," ती म्हणाली.

फर्मीन धाकट्याच्या छातीवर बसला होता. दोन्ही अंगठे भावाच्या गळ्यात रुतलेले. तो त्याचं डोकं ताडपत्रीखालच्या दगडावर आपटत होता, घाई न करता, खिळा ठोकावा तसं. निकासियोच्या टाचा जमीन बडवत होत्या. आधी भराभर. मग सावकाश.

"फर्मीन, सोड!"

टाचा थांबल्या.

तिनं हाताला लागला तो पत्र्याचा सापळा उचलून त्याच्या पाठीत घातला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा तिनं सापळ्याची कड पुढं धरली आणि डोक्यात मारला. कातडी सोलली गेली, अंगठे सुटले. तरी तिनं चौथा मारलाच.

निकासियोनं भसकन श्वास ओढला, कुशीवर वळून तो ओकला. ओकारीत एक दात होता.

"मला मारलंस?" डोकं धरून बसलेल्या फर्मीनचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला, आई?"

तिनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या जखमेवर करकचून बांधला. मग वही उघडली. नंबर लिहिला. 'मृत,' लिहिलं. कारणाच्या रकान्यात निकासियोचं नाव लिहायला हवं होतं. 'चूक माझी,' तिनं लिहिलं.

"सापळे गोळा कर आणि चालत घरी ये," ती फर्मीनला म्हणाली. धाकट्याला बखोटीला धरून तिनं ट्रकपर्यंत चालवत नेलं आणि आत बसवलं.

तारेच्या कुंपणापाशी घराचा रस्ता डावीकडं जात होता. तिनं ट्रक उजवीकडं वळवला.

"आई, घर..." निकासियोचा आवाज धड फुटत नव्हता. "इकडं महामार्ग आहे."

"डेमिंगला मावशीकडं सोडते. कपडे पाठवीन."

त्याच्या गळ्यावर दोन अंगठे काळेनिळे उमटत होते.

"मार मी खाल्ला आणि घरही मीच सोडायचं?"

"हो."

"का?"

रस्ता सरळ होता, तरी तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं.

"तू सोडशील," ती म्हणाली. "तो सोडणार नाही."

त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मैलभरानं त्यानं पाण्याची बाटली घेतली, दोन घोट गिळायचा प्रयत्न केला आणि ती तशीच तिच्याकडं दिली. पाणी गुलाबी झालं होतं. तिनं बाटलीचं तोंड न पुसता ते पिऊन टाकलं.