मांडणीमागचा बोर्ड

नव्या घरात आधी काय करतात? दिव्याची आणि पाण्याची सोय. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण आपले स्टोअरकीपर साहेब पडले जन्मभर कारखान्याच्या गोदामात वावरलेले. त्यांनी आधी बांधली मांडणी.

आणि मांडणी तरी कशी! स्वयंपाकघराची अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत. मागे प्लायवूड, पुढे खण, खणाखणाला चिठ्ठी. डाळी डावीकडे, साबण उजवीकडे, खिळे वेगळे, स्क्रू वेगळे, आणि स्क्रूंतही लहान-मोठ्यांची पंगत वेगळी. निवृत्तीनंतर शेतांच्या मधोमध हे दोन खोल्यांचं घर साहेबांनी मोठ्या हौसेनं घेतलं होतं. हौस त्यांची एकट्याची होती, खरी गोम तिथेच होती.

बायको आली होती, पण आल्यासारखी वागत नव्हती. "अगं, पिठाचा डबा कुठे ठेवू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठेवा कुठेही. तुमची मांडणी, तुम्ही बघा." बरोबरच आहे म्हणा. बटण दाबलं की उजेड आणि नळ सोडला की पाणी, अशा घरात तिचं आयुष्य गेलेलं. इथे मेणबत्त्या, आणि शेजारच्या विहिरीवरून बादल्या. शेवटी तिनं स्पष्टच सांगितलं, "रविवारी संध्याकाळपर्यंत दिवे लागले आणि नळाला पाणी आलं तर बघू. नाहीतर मी चालले ताईकडे राहायला. कायमची."

बाई उगाच धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. तिच्यावाचून साहेबांना एक दिवस करमत नसे, आणि हे त्यांनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. असतात असे पुरुष, काय करता!

रविवारी दुपारी एकदाचा वायरमन उगवला. गडी कामाला वाघ, पण तोंडाला विश्रांती नाही. खांबावरून वायर ओढली, बाहेर मीटर बसवला आणि हात झटकत आत आला.

"झालं काका. आता आतल्या बोर्डाला जोडलं की लख्ख! बोर्ड कुठाय?"

"बोर्ड ना? आहे की." साहेब बाहेरच्या खोलीत गेले. दाराआड पाहिलं. मोरीत डोकावले. परत स्वयंपाकघरात आले.

"अहो, बोर्ड काय मांजर आहे का, उठून जायला?" वायरमन म्हणाला.

तेवढ्यात साहेबांना आठवलं. रंगकामाच्या वेळी शिंतोडे उडू नयेत म्हणून बोर्डावर पुठ्ठा चिकटवला होता. त्यांनीच. रंगाऱ्यानं पुठ्ठ्यासकट भिंत रंगवून टाकली. आणि कोरी करकरीत भिंत दिसल्यावर साहेबांचे हात शिवशिवले.

"उद्या आलात तर नाही का चालणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"उद्या? आता माझी फेरी पुढच्या महिन्यात!"

"काय झालं हो?" बायको दारात उभी.

"कुठे काय?"

"तुमचं तोंड सांगतंय काय ते."

"बोर्ड..." साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "बोर्ड मांडणीच्या मागे गेलाय."

मग बाईंना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. भिंतीला टेकून, पोट धरून हसल्या. "अहो, जन्मभर लोकांना स्क्रू शोधून देणारा माणूस तुम्ही! भिंतीला ठोकलेली वस्तू हरवलीत?" या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

"उतरवा मांडणी," वायरमन म्हणाला.

"नाही उतरणार एवढ्यात. सगळे खण एकमेकांत अडकवलेत."

"मग कापा."

"कापू? मांडणी?" साहेबांचा आवाज चिरकला.

बायकोचं हसू मावळलं. ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या. एवढ्या हौसेनं केलीत, माझ्यापायी मोडू नका. मी जाते ताईकडे. खरंच."

ती रागानं बोलली असती तर परवडलं असतं. पण ती मनापासून बोलत होती, आणि तेच साहेबांना झोंबलं.

"खड्ड्यात गेली मांडणी!" ते ओरडले. "आण ती करवत!"

डाळीचे डबे भराभर जमिनीवर आले. बाईंनी प्लायवूडवर टकटक केली, कान लावला. "इथे. इथे पोकळ वाजतंय." साहेबांनी हातगिरमिटानं भोक पाडलं, त्यात करवतीचं टोक घातलं आणि घातला घाव स्वतःच्याच कलाकुसरीवर. बायकोनं फळी दाबून धरली. भुसा तिच्या केसांत, साहेबांच्या चष्म्यावर. वायरमन बाजूला उभं राहून "जरा डावीकडे, जरा खाली" करत होता, कोणी त्याचं ऐकत नव्हतं. चौकोन निघाला, पुठ्ठा फाटला आणि आत बोर्ड! वाकडातिकडा चौकोन होता, पण वायरमनचे दोन्ही हात आत गेले.

ऊन उतरता उतरता दिवा लागला. विहिरीवर बसवून ठेवलेली मोटर घुरघुरली. छपरावरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा दोघंही मान वर करून ऐकत राहिले. मग बाईंनी नळ सोडला. नळ खोकला, गढूळ पाणी थुंकला, आणि हळूहळू स्वच्छ धार लागली. तिनं ओंजळी भरभरून तोंड धुतलं. साहेब मागे टॉवेल घेऊन उभे. विचारायची हिंमत होईना.

वायरमन हत्यारं गोळा करत होता.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "या खिडकीखाली एक पॉइंट काढून द्या. शिलाई मशीन ठेवायचंय."

"मशीन तर ताईकडे आहे ना तुझं?" साहेब चाचरत म्हणाले.

"मग आणू की उद्या. जड आहे, तुम्हीही चला."

साहेब मटकन डाळीच्या डब्यावर बसले. डोळे भरून आले, लपवायला वेळही मिळाला नाही. "तू गेली असतीस तर मी इथे एक दिवस राहिलो नसतो गं. आलो असतो तुझ्या मागोमाग."

बाई टॉवेल घेता घेता थांबल्या.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "मी आपली समजत होते, तुम्हाला पुन्हा गोदामच हवंय."