चौदा नंबर, सतरा नंबर

डॉक्टरीणबाई मुलीच्या घशात बॅटरीचा उजेड टाकून बघत होत्या, तेव्हा मुलीची आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नवंकोरं हॉस्पिटल समोर उभं आहे आणि आम्ही तापाचं पोर घेऊन रस्ता ओलांडतोय. मोठ्यांची मिजास, दुसरं काय."

मिजास कसली डोंबलाची! बाईंनी ऐकलं आणि बॅटरी विझवली. दोन महिने रोज ऐकत होत्या. किती जणांना समजावणार?

गोष्ट अशी होती. बाई दुसऱ्या देशातून आलेल्या. या गावाला डॉक्टर मिळत नव्हता, इथले शिकलेले इकडे फिरकायला तयार नव्हते, म्हणून सरकारने बाहेरच्यांना बोलावलं. सात वर्षं या गावात काढा, मग कायमचे राहा. कामाच्या परवान्यावर हॉस्पिटलचा पत्ता छापलेला होता, चौदा नंबर. त्या पत्त्याबाहेर एकाही पेशंटला हात लावला तर परवाना रद्द, आणि तीस दिवसांत नवरा-मुलीसकट देश सोडायचा. बाईंना इथे सहा वर्षं सात महिने झाले होते. पाच महिने राहिले होते, फक्त पाच.

आणि नेमकं हॉस्पिटल रस्त्यापलीकडे सतरा नंबरात गेलं. पत्ता बदलायचा अर्ज हॉस्पिटलने आधीच करायचा असतो. व्यवस्थापकसाहेबांना रिबीन कापायची तारीख बरोबर आठवली, अर्ज तेवढा आठवला नाही. परवाना कार्यालय म्हणालं, बदल व्हायला सहा महिने लागतील, तोवर चौदा म्हणजे चौदा. साहेब म्हणाले, थोडं सांभाळून घ्या. म्हणून खाटा गेल्या, ऑक्सिजन गेला, मेले पंखेसुद्धा काढून नेले, आणि त्या रिकाम्या इमारतीत एक टेबल, दोन खुर्च्या, रक्तदाबाचं यंत्र आणि बाई एवढंच राहिलं. पेशंटने केसपेपर सतरात काढायचा, तपासायला चौदात यायचं, इंजेक्शनला परत सतरात जायचं. या देशाचाच एक डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी यायचा. त्याला चौदा काय, सतरा काय, सगळं रान मोकळं.

माणसांना रस्ता पार करून द्यायचे रखवालदारकाका. हात वर करून ट्रक थांबवायचे, म्हाताऱ्यांच्या कोपराला धरून आणायचे. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. "हा रस्ता नाही बाई, सरहद्द आहे," ते म्हणायचे. "तुम्ही तिकडेच थांबा. मी माणसं आणून देतो." दिवसभरात बाईंना हसू यायचं ते तेवढंच.

त्या मंगळवारी बाई त्या मुलीच्या तापाचं औषध लिहीत असताना फोन वाजला. पलीकडून थोरली सिस्टर बोलत होती. एरवी ती घड्याळासारखी चालणारी, पण आज तिचा आवाज कापत होता. काका सतराच्या दारातच कोसळले होते, छातीत कळ, अंग घामाने थबथबलेलं.

"स्ट्रेचरवरून आणू का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

आणणार कुठे? शॉक द्यायचं मशीन सतरात. आणि ट्रक थांबवणारा माणूस तर स्वतःच आडवा पडलेला.

बाई घाबरल्या, खोटं कशाला बोला. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मुलीची दहावी आठवली. पण हे आठवेपर्यंत पाय रस्त्यावर पडलेसुद्धा होते. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि तोंडाला येईल ते बोलला.

त्या पोचेपर्यंत काकांची नाडी थांबली होती. सिस्टर छाती दाबत होती. बाईंनी शॉक दिला, मग दुसरा. आता दोघी आळीपाळीने दाबत होत्या, हात भरून आले तरी थांबल्या नाहीत. तिसऱ्या शॉकनंतर पडद्यावरची वेडीवाकडी रेघ ठोक्यात चालायला लागली. अर्ध्या तासाने काकांनी डोळे किलकिले केले, बाईंना बघितलं आणि पुटपुटले, "तुम्ही इकडे कशा?" बाईंनी त्यांचा हात दाबला. मग अँब्युलन्स त्यांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

व्यवस्थापकसाहेब तेव्हा उगवले. माणूस जगला का, हे त्यांनी विचारलं नाही. केसपेपरवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "फोनवरून सूचना दिल्या, असं लिहा. चौदा नंबरमधून. आपल्यातच मिटेल." सिस्टरनेही हात जोडले. लिहा हो बाई, म्हणाली, पोरीकडे बघून तरी लिहा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने लोकांनी मिजासखोर म्हटलं ते गिळलं. तापाची पोरं उन्हातून चालत आली तेही बघितलं. आता फोनवरून माणूस जिवंत होतो असं लिहून दिलं, की हे सगळं असंच चालणार, उद्या आणखी कुणी त्या रस्त्याकडेला पडणार, आणि कागद म्हणणार की सगळं ठीक आहे.

"हे हात माझे होते, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि इथे होते."

ठिकाणाच्या रकान्यात त्यांनी सतरा लिहिलं. आकड्यातही लिहिलं आणि अक्षरातही. वेळ टाकली, खाली पूर्ण सही केली. साहेब कागद घेऊन गेले.

मग त्यांनी घरी फोन लावला. नवऱ्याला या देशात काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो घरीच असायचा.

"मुलीची परीक्षा कधी संपते रे?"

"पुढच्या महिन्यात, बावीस तारखेला. का गं?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने तीस दिवस मोजले. बावीस तारीख सदतिसाव्या दिवशी येत होती. काका कसे पडले आणि आपण सतरात कशा गेलो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, "माणूस वाचला ना?"

"वाचला."

"मग जेवून घे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रस्त्यापलीकडे चौदाच्या पायरीवर ती आई तापाची मुलगी मांडीवर घेऊन अजून बसली होती. अर्धवट लिहिलेला कागद तिच्या हातात होता. डॉक्टरीणबाई सतराच्या दारातून बाहेर आल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि काकांसारखा हात वर केला. ट्रक थांबले.

"या," त्यांनी हाक मारली. "इकडेच या."