ठमीचे हातमोजे

ठमीला घेऊन उभी राहिले की लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नसे. एकटी असले की मुकाट्याने थांबे. लिफ्ट दुरुस्त करणारा दोनदा येऊन गेला, लिफ्ट ठणठणीत आहे म्हणाला, आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेला की जणू मीच स्वतःला जरा तपासून घ्यायला हवं. शेवटी मी बाबागाडी जिन्यावरून उतरवायला शिकले.

बस आम्हाला पाहून पुढे निघून जाई. औषधाच्या दुकानाचं काचेचं दार माशी आली तरी उघडतं, बाबागाडीसमोर मात्र ढिम्म. पहिलटकरणीला सगळं जगच आपल्यावर उठलंय असं वाटतं, अशी मी स्वतःची समजूत काढली. मी लहान गावातून लग्न होऊन इथे आलेली. मोठ्या शहराला कुणाकडे बघायला वेळ नसणार, असं धरून चालले होते.

त्या शुक्रवारी मात्र समजूत पुरेना. सोमवारी माझी रजा संपत होती. मोठ्या रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात एकच जागा उरली होती, आणि तिथल्या ताईंनी बजावलं होतं की जेवणाच्या सुट्टीआधी बाळाला दाखवून जा, नाहीतर दुसरी आई दारात उभी आहे. जागा गेली की प्रयोगशाळेतली नोकरी गेली. मग नवरा हल्ली येताजाता म्हणत होता तेच करावं लागणार: तुझ्या माहेरी जाऊन राहू, तिथे मोकळी हवा आहे. त्या मोकळ्या हवेत मी लहानाची मोठी झाले आहे. ती मला जन्माची पुरली.

सासूबाई सोबत होत्या. कोपऱ्यावर, चावीवाल्याच्या टपरीशी, आम्ही सिग्नलला उभ्या राहिलो. दिवा लाल. तो लालच राहिला. मागे माणसं साठली, कुणी घड्याळ बघू लागलं, कुणी माझ्याकडे.

चावीवाल्याने कानस बाजूला ठेवली. “ताई, तुम्ही गाडी घेऊन जरा मागे सरता का? तुम्ही आहात तोवर हा काही हलायचा नाही.”

मी मागे सरले. दिवा हिरवा झाला आणि साठलेली सगळी माणसं भराभर पलीकडे गेली. मी पुढे आले. लाल. पुन्हा मागे, पुन्हा हिरवा. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा सासूबाईंनी वाकून ठमीचे हात पाहिले. दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे, मनगटाशी गाठ मारलेले.

“अगं, हिची ओळख करून दिलीये ना?”

“कुणाशी?”

“कुणाशी काय? शहराशी.”

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. निष्पन्न झालं ते असं: त्याला वाटलं होतं आईने उरकलं असेल, आईला वाटलं होतं त्याने दवाखान्यातून घरी येतानाच उरकलं असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी. मला कुणी विचारलंच नव्हतं, कारण ही गोष्ट सांगावी लागते असं या दोघांना माहीतच नव्हतं.

मग मला आठवलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला गल्लीभर फिरवून कठडे, खांब, बसचे दांडे, सगळ्याला हात लावायला लावलं होतं. मला वाटलं, प्रेमात आलाय.

“मोजे काढ तिचे,” सासूबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत माझं कामच ते. लिफ्टच्या बटणावर काय काय नांदतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. मोजे त्यासाठीच तर होते. मी म्हटलं, “या खांबावर काय असेल, आई, तुम्हाला कल्पना नाही.”

“असेल ना. तुझ्या नवऱ्याने हात लावला तेव्हा आठवडाभर पोट बिघडलं होतं त्याचं. पण पुढे जन्मात त्याची बस चुकली नाही.”

मी खांबाकडे पाहिलं. कमरेच्या उंचीवर रंग उडून आतलं लोखंड गुळगुळीत झालं होतं. इतक्या हातांनी. त्यातला एक माझाही होता.

गाठी मीच सोडल्या. ठमीची बोटं बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी पडली होती. तिला उचलून मी तिचा तळवा खांबावर टेकवला. खांब मांजरासारखा घुरघुरला. चारी बाजूंचे पायी चालणाऱ्यांचे दिवे एकदम हिरवे झाले, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि आमच्या समोरची बस सुस्कारा टाकून फुटपाथच्या बाजूला झुकली. औषधाच्या दुकानाचं दार तर दोनदा उघडलं.

“झाली वाटतं ओळख,” असं म्हणून चावीवाल्याने पुन्हा कानस उचलली.

ठमीने तोच हात तोंडात घातला. मी ओला रुमाल काढला, क्षणभर हातात धरला, आणि त्याने स्वतःचा घाम पुसला.

पाळणाघराचं फाटक बेल वाजवायच्या आधीच उघडलं. ताई म्हणाल्या, त्यांना वाटलं होतं आम्ही गावी निघून गेलो.

शनिवार-रविवार ठमीचं पोट बिघडलं. मी नवऱ्याशी धड बोलले नाही. सोमवारी बाहेर पडलो तर लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी. बाबागाडी आत घातली, ठमीला कडेवर घेतलं आणि आठवलं की दुधाची बाटली स्वयंपाकघरातच राहिली. बाटली घेऊन परत आले, तरी लिफ्ट दार उघडं ठेवून थांबलेली, आणि खाली कुणीतरी बटण दाबून दाबून आमच्या नावाने बोटं मोडत होतं.