अंगठाभर जागा

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. मी एका संकेतस्थळाच्या पानावर राहते आणि माझ्या अंगावर जाहिराती चढतात. लगेच नाक मुरडू नका! ज्या पानावर मी राहते ते वाचायला कुणालाही एक पैसा पडत नाही, ते माझ्यामुळेच. हे मी मान ताठ ठेवून सांगते.

माझा जन्म शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान दोघी जावांचं. थोरली लहान बाळांचे कपडे शिवायची. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ती कमी बोलायची. धाकटी संगणकाचं काम शिकलेली. दुकानात येणारी प्रत्येक नवी आई विचारायची, "झबल्याचा गळा कसा कापायचा हो?" शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, एकदाच सगळं नीट सांगा. मी लिहून सगळ्या जगाला दाखवते." असं ते संकेतस्थळ सुरू झालं. एका पानावर शिवणाची एक पायरी आणि तळाशी 'पुढची पायरी' असं बटण.

वाचणाऱ्या वाढत गेल्या, तशी पानं ठेवायला इंटरनेटवर भाड्याने मोठी जागा घ्यावी लागली.

"वाचायचे थोडे पैसे घेऊ या का?" धाकटीने विचारलं.

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "जिच्याकडे पैसे असतात ती तयार झबलं आणते. आपल्याकडे येते ती कोण?"

"मग खर्च कोण करणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून धाकटीने पानाच्या कडेला मला आखलं.

माझं काम कसं चालतं, सांगते. कुणी पान उघडलं की पापणी लवायच्या आत माझा लिलाव होतो. साबणवाला, बूटवाला, दोरेवाला बोली लावतात आणि ज्याची बोली मोठी तो माझ्यावर झळकतो. वाचणाऱ्या बाईने मला दाबलं की ती त्याच्या दुकानाच्या पानावर पोचते आणि तो आम्हाला पैसे देतो. वाचणाऱ्या जितक्या जास्त, तितकी मला मागणी जास्त. इंटरनेटवरच्या कितीतरी मोठ्या कंपन्या माझ्याच बहिणींच्या जिवावर वाढल्या आहेत. माझ्या कमाईतून आमच्याकडे दुसरं मशीन आलं आणि भरतकामाचे धडे द्यायला आठवड्यातून तीन दिवस एक मावशी येऊ लागल्या.

पुढे सगळ्या जणी मोबाइलवर वाचू लागल्या. मोबाइलचा पडदा अरुंद. धाकटीने मला कडेवरून उचललं आणि खाली 'पुढची पायरी'ला अगदी खेटून बसवलं. काय सांगू, महिनाभरात मला दाबणाऱ्या तिप्पट झाल्या! मी नुसती फुगून गेले. "ताई, सोन्याची चौकट आहे ही," असं म्हणत धाकटीने मावशींना रोजचं काम दिलं.

तेव्हा कात्र्या बनवणाऱ्या एका कारागिराने लिलावाशिवाय, थेट आमच्याकडून मला महिनाभरासाठी घेतलं होतं. महिना संपता संपता त्याचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडून तीनशे जणी माझ्या दुकानाच्या पानावर आल्या आणि उंबऱ्यावरूनच माघारी गेल्या. एकीनेही कात्री घेतली नाही."

"अहो, महाग वाटली असेल," धाकटी म्हणाली.

"किंमत बघायला तरी थांबायचं होतं की!"

थोरलीच्या कानावर हे पडलं. तिने मांडीवर कापड घेतलं, एका हातात मोबाइल धरला आणि फ्रॉकचा धडा उघडून पुढच्या पायरीवर अंगठा टेकवला. समोर कात्री. मागे येऊन पुन्हा दाबलं. पुन्हा कात्री.

"अगं, मला बाही जोडायची आहे आणि ही कात्री काय दाखवते?"

"तुमचा अंगठा जाडा आहे, ताई."

"असू दे जाडा. वाचणारीच्या दुसऱ्या हातात बाळ असतं, ती काय मोजून दाबणार? कापड बेतताना शिलाईला अर्धा इंच सोडतेस ना? मग इथे बोटाला काय सोडलंस?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं होतं खरं. आणि मी? ज्याला मी कौतुक समजत होते, ते सगळे चुकलेले अंगठे होते.

"हिला हलवलं तर कमाई बसेल," धाकटी हळूच म्हणाली. "मग मावशींचं काय?"

मावशींनी सुईत दोरा ओवला. "माझ्याकडे कशाला बघता? लोकांचं बोट फसवून मला पगार नको. पण पोरीची फी भरायची आहे, तेही खरंच."

त्याच दुपारी धाकटीने मला वर सरकवलं. दोन्ही बाजूंना अंगठाभर मोकळी जागा सोडली आणि माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलं. कात्रीवाल्याला फोन करून चूक कबूल केली, त्याचे पैसे परत दिले. "आता एक महिना फुकट राहा, मग ठरवा," असं म्हणाली.

तो महिना कठीण गेला. मावशी पुन्हा तीनच दिवस येऊ लागल्या. उरलेले दिवस त्यांची खुर्ची रिकामी दिसली की मला चौकटीतच चोरट्यासारखं व्हायचं. मला दाबणाऱ्या तीनशेवरून चाळीसवर आल्या.

मग फोन वाजला. या वेळी थोरलीने उचलला.

"चाळीस जणी आल्या, ताई. अकरा कात्र्या गेल्या!"

"बरं मग?"

"मग काय? वर्षभर ही चौकट माझी. आणि माझा मेहुणा बटणं बनवतो, त्यालाही एखादी आखून द्या."

थोरलीने फोन ठेवला आणि मावशींकडे वळून म्हणाली, "उद्यापासून रोज यायचं. उशीर चालणार नाही."

"तुमच्याकडचं घड्याळच पुढे असतं," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

मित्रांनो, आता मी जुनी झाले. नव्या चौकटी नाचतात, ओरडतात, वाचणाऱ्याच्या तोंडावर येऊन बसतात. मग लोक वैतागून जाहिराती अडवणारं साधन लावतात आणि आम्हा सगळ्यांनाच झाकून टाकतात. उद्या तुमच्यापैकी कुणी पान बनवाल, त्यावर माझ्यासारखी एखादी आखाल. तिला तिच्या नावाने उभी करा आणि शेजारून जाणाऱ्या बोटाला वाट ठेवा. एवढी काळजी घेतलीत तर तीही माझ्यासारखीच मान वर करून जगेल.

हजारो अंगठे रोज माझ्या शेजारून जातात, मला न दाबता. त्याचं आता मला वाईट वाटत नाही. एखादी आई बाही जोडून घाईघाईने पुढच्या पायरीवर निघते, तेव्हा मी मनात म्हणते, जा बाई, बाळाला थंडी वाजत असेल.