कमरेएवढे खूर

पोळ्याची चौकट पेटीत परत बसवून अक्काने झाकण लावले आणि उठायला गेली, तर गुडघा सरळ होईना. तिने मधपेटीच्या कडेला हात टेकला. बोटेही धड मिटत नव्हती. बुटक्या चिऱ्यांवर मांडलेल्या पेट्यांपुढे वर्षानुवर्षे उकिडवे बसायचे, मधाने जड झालेल्या चौकटी उचलायच्या. सांध्यांनी आता सगळ्याचा वचपा काढायला घेतला होता. पण हे सांगायचे कोणाला? 'ज्याका माशी चावता, त्याका वात धरूचो नाय,' असे अख्ख्या धामापुरात छातीठोकपणे सांगत आली ती हीच. तिच्या शब्दावर लोक दुखरे गुडघे घेऊन येत आणि माशी डसवून घेऊन जात. त्यात मुलाने, गुरुदासने, बजावूनच ठेवलेले : आईला झेपेनासे झाले की पेट्या देऊन टाकायच्या.

नेमका कुंपणापाशी भिकाजी येऊन उभा राहिला.

"अक्का, गुडघो मरणाचो दुखता. एक माशी लावतास?"

"थांब थंयच. तुझो गुडघो काय पळान जाता?"

जीभ चालत होती, पाय नव्हता. अक्काच्या कपाळावर घाम डवरला. भिकाजी पुढे येऊ लागला, तेवढ्यात सून रुक्मिणी पदर खोचत परसात आली आणि सासूशेजारी उकिडवी बसली.

"भिकाजीनू, आज नको. अक्का राणीमाशी सोधतत. माशयो पिसाळल्यासत."

भिकाजी आल्या पावली माघारी फिरला. तो वळणाआड गेल्यावर रुक्मिणीने सासूच्या काखेत खांदा दिला. अक्का कण्हली नाही. उभी राहिल्यावर मात्र तिने एक लांब श्वास सोडला.

"कधी कळलां तुका?"

"तुमी आरती बसान म्हणूक लागलास, तेव्हा."

"गुरुदासाक सांगलंस?"

"तेंका नाय. दाजी सुताराक सांगलंय. एका पेटीक कमरेएवढे खूर करूक, टेबलाक पाय असतत तसे. म्हणजे उभ्यान काम होयत."

"माका न इचारता?"

"मुंगळे चढतत, म्हणान सांगलंय."

अक्काने सुनेकडे रोखून पाहिले. रुक्मिणीच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, कीवही नव्हती. तिच्या खांद्यावरचा हात अक्काने काढला नाही.

"अर्धवट खंयची," ती म्हणाली. "मुंगळो काय एकच पेटी बघून चढता? सगळ्यांक करूक सांग."