हात धरून नळापर्यंत

"आत गेल्यावर तू तोंड उघडायचं नाहीस," दवाखान्याच्या बाकावर लेकीने आईला बजावलं. "तुला कपड्यात खोट दिसते तशी माणसांतही दिसते."

"बरं बाई. तोंडाला टाका घातला समज."

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या म्हातारीने मान डोलावली. तिच्या पायाशी दीड वर्षाची चिमणी खेळातली गाडी उलटी धरून एकच चाक फिरवत होती. महिनाभर आजी तिला पाठीमागून हाका मारून पाहत होती. चिमणी वळत नव्हती. बिस्किटाचा पुडा फोडला की मात्र पलीकडच्या खोलीतून धावत यायची.

आजीचा धाकटा भाऊ असाच होता. डब्यांची झाकणं फिरवत बसायचा. "उशिरा बोलेल," असं त्यांची आई चारचौघांत सांगायची आणि आजीही हो ला हो करायची. तेव्हा दाखवायला कुणी नव्हतं हे खरं, पण कुणी विचारलंही नाही. खिडकीशी बसून बसून त्याचे केस पांढरे झाले.

आत नर्सबाईंनी कागद पुढे ओढला.

"हाकेला वळते?"

"हो," लेक म्हणाली.

"तुमच्याकडे बघून हसते?"

"हसते की."

आजीने पिशवीचा बंद बोटाला करकचून गुंडाळला.

"बोटाने दाखवते?"

"हो तर. पाणी हवं असलं की माझा हात धरून नळापर्यंत नेते. हुशार आहे."

पेन थांबलं. "ते मागणं झालं. उगीच, तुम्हीही बघावं म्हणून दाखवते का? पक्षी, गाडी?"

लेकीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत दम होता आणि विनवणीही.

"नाही," आजी म्हणाली. "एकदाही नाही."

खाली चिमणी चाक फिरवत होती. लेक आता आपल्याला दारात उभं करणार नाही, असं म्हातारीला वाटलं.

"एवढ्यावरून काही ठरत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण वाट बघू, असंही मी म्हणणार नाही. तपासणीची तारीख घेऊन ठेवू."

लेक खाली वाकली. "चिमणे." थोडं थांबून पुन्हा, "चिमणे, इकडे बघ."

चाक फिरतच राहिलं.

ती सरळ झाली. "पहिलं उत्तर खोडा," ती नर्सबाईंना म्हणाली. "सुरुवातीपासून विचारा." मग आईकडे न बघताच, "आणि तू तो टाका उसव आता."